दोरा दातात असताना

पार्लरवाल्या बाईकडे एवढे किस्से कसे साठतात, याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटतं, आम्ही खोदून खोदून विचारतो. अहो, विचारणार कशानं? थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरलेलं असतं आणि दोन्ही हात दोऱ्यात गुंतलेले असतात. समोरची बाई खुर्चीत मान टाकून पडलेली असते. तिला पक्कं ठाऊक असतं की आता दहा मिनिटं ही काकू मधे तोंड घालणार नाही, सल्ला देणार नाही, "आमच्याकडे तर याच्याहून वाईट" असंही म्हणणार नाही. मग ती सुरू होते!

बावीस वर्षं मी असं ऐकलं. संध्याकाळी पार्लर आवरलं की वहीत लिहून ठेवायची. आधी भुवई लिहायची: 'डावी मधे तुटक, लहानपणी झोपाळ्यावरून पडली. उजवीची कमान जास्त उचलायची नाही.' त्याखाली बाई काय बोलली, ते दोन ओळींत. नाव लिहायची नाही. भुवई वाचली की बाई आठवते.

गेल्या दिवाळीनंतर मात्र मी थ्रेडिंग बंद केलं. फेशियल, हेअर कट, वॅक्स, मेंदी, सगळं चालू आहे. फक्त थ्रेडिंग मी करत नाही. मनीषनगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे आणि निम्म्याहून जास्त बाया तेवढ्यासाठीच येत. त्यामुळे जी ती विचारते, "काकू, काहून बंद केलं?" मी कोणाला मान दुखते म्हणून सांगते, कोणाला डोळ्यांचं कारण देते. खरं म्हणजे माझी त्यातली हौसच गेली, आणि ती गेली एका सासू-सुनेमुळे. त्या दोघींपर्यंत मी येतेच. पण आधी सुरुवातीचं सांगते, म्हणजे ही हौस किती होती ते कळेल.

•

तेव्हा आम्ही कोराडीला कॉलनीत राहत होतो. आमचे हे वीज केंद्रात, बॉयलरच्या बाजूला. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, ती झटकायची आणि परत घालायचे, एवढंच दुपारचं काम. शेजारच्या क्वार्टरमध्ये थ्रेडिंग करणारी एक बाई यायची. तिचे हात पाहून पाहून मी शिकले. क्लास वगैरे काही नाही.

या कामाचा सराव आपल्याच पायावर करायचा असतो. आठ दिवसांत माझ्या पायांवर काही उरलं नाही. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांच्या हातांवर अस्वलासारखे केस! रविवारी हे पेपर वाचत बसले की मी पेपराखालून उजवा हात ओढून घ्यायची. हे फार सोशिक. पान उलटायचं असलं तर तेवढ्यापुरता हात मागायचे आणि परत द्यायचे. दोन रविवारांत मनगटापासून कोपरापर्यंत उजवा हात आरशासारखा गुळगुळीत झाला. डावा होता तसाच.

सोमवारी ह्यांच्या शिफ्टमधल्या मित्रानं पाहिलं. "काय गा, आगीजवळ हात गेला काय?"

ही बातमी दुपारपर्यंत सेफ्टीच्या साहेबांकडे पोचली. त्यांनी ह्यांना बोलावलं आणि अपघाताचा फॉर्म पुढे सरकवला. "हात भाजला आणि रिपोर्ट केला नाही? नियम माहीत आहे ना?"

"साहेब, ड्युटीवर नाही झालं. घरी झालं."

"घरी? कशानं?"

हे बाही खाली ओढत म्हणाले, "बायकोनं."

साहेबांनी फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर बंद केला. मग हळूच म्हणाले, "डाव्या हाताची काळजी घ्या!"

•

मनीषनगरात आल्यावर पहिल्या दोन वर्षांतलीच ही गोष्ट. माझ्याकडे दोघी जावा यायच्या. एकाच घरात थोरली खाली, धाकटी वर. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं.

सकाळी अकराला थोरली आली. मी दोरा लावल्याबरोबर तिनं सुरू केलं. "काकू, मी मोरपंखी पैठणी घेतली. धाकटीला दाखवलीच नाही. दाखवली की ती तश्शीच आणते!"

दुपारी चारला धाकटी आली. त्याच खुर्चीत, त्याच उशीवर डोकं टेकवलं. "काकू, मोरपंखी पैठणी घेतली मी. थोरल्या बाईंना कळू देऊ नका हं. त्या हळदीलाच तसली नेसून येतील आणि माझी शिळी करून टाकतील!"

मी डोळे मोठे केले. तेवढंच शक्य होतं, आणि तिचे डोळे मिटलेले होते.

माझा एकच नियम होता. एकीचं दुसरीला सांगायचं नाही. लग्नाचं आमंत्रण मलाही होतं, पण मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. दोघी मांडवात दोन दरवाजांतून आल्या आणि बरोबर मधोमध समोरासमोर उभ्या राहिल्या. रंग तोच, काठ तोच. एक क्षण सनईसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

तेवढ्यात त्यांच्या सासूबाई स्टेजवरून मोठ्यानं म्हणाल्या, "पाहा, याले म्हणते घर! सुनांनी ठरवून एकसारखी घेतली!" फोटोग्राफरनं दोघींना गळ्यात गळा घालून उभं केलं. चांगले सहा फोटो काढले.

तीन आठवड्यांनी थोरली भुवया करायला आली. मान टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, आता दिवाळीलाही दोघींनी एकसारखीच घ्यायची, असं सासूबाईंनी ठरवलंय. आणि रंग त्याच निवडणार!"

•

आता त्या सासू-सुनेतली सासू. त्यांना मी आजी म्हणते.

एका दुपारी दार वीतभर उघडलं आणि नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई आत डोकावल्या. पदर तोंडावर घट्ट धरलेला. सगळीकडे पाहून घेतलं आणि विचारलं, "इथं बायांची दाढी करते काय वं?"

माझी मदतनीस मंगला हसून हसून बेसिनला टेकली. मी आजींना आत घेतलं, खुर्चीत बसवलं, पदर बाजूला केला. हनुवटीवर केस होते. पांढरे, ताठ, मोजून अकरा.

"सून ऑफिसात गेली की आली मी," आजी म्हणाल्या. "तिले सांगू नोको. हासंन ते."

सून कोण, ते विचारल्यावर कळलं की आमची वैशाली. दोन गल्ल्या सोडून राहते आणि रामदासपेठेत एका लॅबच्या काउंटरवर बसते. माझी दहा वर्षांची गिऱ्हाईक. सासरे गेल्यापासून चार वर्षं आजी तिच्याकडेच होत्या. त्याआधी सारा जन्म सावनेरकडच्या गावी, शेतात.

अकरा केसांना खरं म्हणजे पाच मिनिटं पुरावीत. आजींना चाळीस लागायची. कारण बोलताना हनुवटी हलते. एक केस निघाला की आजी एक गोष्ट सांगायच्या आणि गोष्ट संपेपर्यंत मी दोरा दातात धरून उभी राहायची. मग दुसरा केस. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

त्या पहिल्या दिवशी उठताना त्यांनी हनुवटीवरून दोनदा हात फिरवला. "आता भाजीवाल्याशी भांडायले बरं. नाही तं तो माह्या तोंडाकडं सोडून दाढीकडंच पाहून राहते!"

•

मधे माझा वरचा दात दुखायला लागला म्हणून रामदासपेठेत एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टॉर्च मारला आणि चक्रावले.

"दाताला खाच पडली आहे. तुम्ही टेलरिंग करता?"

"नाही."

"मग पतंग उडवता? मांजा दातानं तोडता?"

"डॉक्टर, या वयात?"

शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "एक तर दोरा सोडा, नाही तर दात."

मग त्यांनी माझ्या तोंडात कापूस घातला, नळी घातली, काहीतरी गुरगुरणारं मशीन घातलं आणि बोलायला लागले. मुलगा बंगलोरला असतो, फोन करत नाही. बायकोनं मांजर पाळलंय, डॉक्टरांना त्याच्या केसांची ॲलर्जी आहे, रात्रभर शिंकतात, आणि बायको म्हणते मांजर कुठेही जाणार नाही. वीस मिनिटं मी हे सगळं ऐकलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी खुर्चीत होते, आणि तरीही ऐकणारी मीच!

चूळ भरून झाल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, मांजराला बाल्कनीत गादी करून द्या ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली!

•

डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं. दोरा दातात न धरता गळ्यात अडकवूनही थ्रेडिंग करता येतं. मंगला तसंच करते. तिच्याकडूनच शिकून घेतलं. काम तितकंच स्वच्छ होतं, दाताला त्रास नाही आणि तोंड मोकळं.

हे मोकळं तोंडच नडलं.

पहिल्याच बाईंनी नेहमीसारखी नवऱ्याची तक्रार सुरू केली. माझ्या तोंडून निघून गेलं, "जाऊ द्या हो, रागात बोलले असतील." त्यांनी खाडकन डोळे उघडले. "काकू, तुमची तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या बाई, ज्या गाऊन घालतानाच बोलायला लागतात, त्या पूर्ण वेळ ओठ मिटून पडून राहिल्या. जाताना दारात मंगलाला विचारलं, "काकू माह्यावर नाराज आहेत काय? बोलून राहिल्या!"

आठ दिवस असे काढले. वहीत भुवया तेवढ्या लिहिल्या गेल्या, खालच्या ओळी कोऱ्याच. नवव्या दिवशी दोरा परत दातात धरला. डॉक्टरांना कळवलं नाही.

•

आणि मग ते झालं. हा काही हसण्याचा किस्सा नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भुवया करताना बाईचे डोळे मिटलेले असतात. कपाळाचं तसं नाही. कपाळाची लव काढताना बाईचे डोळे उघडे असतात, नजर सरळ माझ्या चेहऱ्यावर असते आणि बोलायला तोंड मोकळं. दोरा ओढताना माझी मान पुढे-मागे हलते. ती हलतेच. पायानं मशीन चालवणाऱ्याचा गुडघा हलतो, तशी.

गेल्या वर्षी जूनमधे वैशाली आली. भुवया झाल्या, मग कपाळ घेतलं. खूप थकलेली दिसत होती.

"काकू, आईंना गावी मोठ्या भाऊजींकडे ठेवावं म्हणून राहिली मी. आदित्यचं दहावीचं वर्ष आहे. हे महिन्यातले वीस दिवस टूरवर. मी घामेजून घरी येते, आणि आल्याबरोबर आई पंखा बंद करतात. मी लावते, त्या बंद करतात. मी लावते, त्या बंद करतात. काय मिळते त्यांना? तिकडे अंगण आहे, शेत आहे, माणसं आहेत. त्यांच्यासाठीच चांगलं नाही का ते? तुम्हीच सांगा."

कपाळाच्या शेवटच्या दोन रेषा राहिल्या होत्या. हात लयीत चालू होता. मी दोरा ओढत राहिले.

चारच दिवसांपूर्वी त्याच खुर्चीत आजी बसून गेल्या होत्या. सातव्या आणि आठव्या केसाच्या मधे त्या म्हणाल्या होत्या, "मी पंखा काहून बंद करतो, सांगू तुले? सून येते, पर्स ठेवते, मोबाइल पाहते, पोराचा अभ्यास घेते. दमते बिचारी. बोलत नाही. पंखा बंद केला की म्हणते, 'आई, पंखा लावा ना.' तेवढं तरी म्हणते."

हे मला माहीत होतं, तोंडात दोरा होता, आणि एकीचं दुसरीला सांगायचं नाही हा नियमही होता.

तीन आठवड्यांनी वैशाली आली ती हलकी होऊन. "सोडून आलो काकू, आईंना गावी. तुमच्यामुळेच धीर झाला."

मी अजून दोरा हातात घेतला नव्हता. म्हटलं, "माझ्यामुळे? मी काय केलं?"

"अहो, मान नाही का हलवली तुम्ही? तीनदा! मी ह्यांना पण सांगितलं, काकूंसारख्या समजदार बाई हो म्हणतात, त्या उगाच म्हणतील का?"

"अगं, ती मान तर दोरा ओढताना..."

"काहीही काय काकू!" ती हसली आणि डोळे मिटून पडली.

मी तिच्या भुवया केल्या. अगदी नीट केल्या. पंख्याचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मी वहीत तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा उत्तराची जागा मोकळी सोडली.

•

त्यानंतर दोरा दातात धरला की माझं सगळं लक्ष मानेकडे जायचं. समोरची बाई मला काही विचारतेय का? मी होकार तर देत नाही ना? मी मान ताठ ठेवायला लागले. आणि ताठ मानेनं दोरा सरळ चालत नाही.

दिवाळीच्या गर्दीत माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक, शाळेत शिक्षिका, आल्या. त्यांनी बदलीचं काहीतरी विचारलं. घ्यावी की नाही? मी मान अशी धरली, जशी काही लचकच भरली आहे. काम झालं. त्यांनी आरसा घेतला, पाहिलं, सवयीनं "छान" म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच परत आल्या. उजवी भुवई डावीपेक्षा चांगली अर्धं बोट वर!

"काकू, हे काय करून ठेवलं? मी वर्गात गेली तर सगळी पोरं आपणहून वह्या दाखवून राहिली. नवरा तर कालपासून म्हणते, 'तू माझ्यावर संशय घेऊन राहिली काय?'"

मी माफी मागितली. त्या मात्र दाराजवळ थांबून म्हणाल्या, "राहू द्या. महिनाभर असंच राहू द्या. वर्ग इतका शांत कधीच नव्हता!"

त्या हसत गेल्या. मला काही हसू आलं नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून भुवई वाकडी झाली नव्हती.

•

दिवाळी झाल्यावर भिंतीवरच्या बोर्डावर 'थ्रेडिंग' या शब्दाच्या वर मी पांढरी पट्टी चिकटवली. बायांना पट्टीपेक्षा कारणात जास्त रस. एकीनं विचारलं, "काकू, काही व्रत धरलं काय?" दुसरी म्हणाली, "परदेशात बंद झालं असेल, म्हणून इथंही बंद केलं, हो ना?" आमचे हे एवढंच म्हणाले, "परत सराव करायचा असला तर डावा हात आहे माझा."

थांबता थांबत नाहीत अशा बायांना मी मंगलाकडे वळवलं. मंगलाचा हात सुरेख आहे, दोरा गळ्यात, आणि तोंड दिवसभर चालू. महिन्याभरात असं झालं की बाया भुवया करून उठतात आणि त्यांचं काही सांगायचं राहून जातं, पण मंगलाच्या नणंदेचं सगळं पाठ करून जातात!

माझी वही महिनोन्महिने कोरी राहिली. हेअर कट करताना कोणी काही सांगत नाही. कात्री चालू असताना बाई जपून बोलते.

•

आता शेवटचा. हा गेल्या महिन्यातला, रविवार दुपारचा.

मंगला कुठे चार वाजता जेवायला बसायच्या बेतात होती. दार उघडलं आणि वैशाली आत आली. तिच्या मागे पदरानं तोंड झाकलेल्या आजी. आठ-नऊ महिन्यांनी पाहत होते मी त्यांना. वाळल्या होत्या.

"काकू, काल हॉलवर भाऊजींच्या मुलाचा साखरपुडा होता," वैशाली म्हणाली. "आई गावाहून आल्या तेव्हापासून पदरच सोडत नाहीत. काल पंगतीत भिंतीकडे तोंड करून जेवल्या, भिंतीकडे! विचारलं तर काही नाही म्हणतात. आज मीच ओढला पदर. पाहा तुम्ही."

तिनं पदर काढला. हनुवटीवर अकराच केस, पण लांब झालेले, टोकाशी वळलेले. गावात कोण करून देणार?

"इतकं होतं तर आधी काहून नाही बोलल्या, आई?"

आजी माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आधी इथंच येत होती मी. तू ऑफिसात गेली की."

"इथे? काकूंकडे? तुम्ही?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलची घडी घातली.

"बरं, करून द्या काकू लवकर. पाच वाजता भाऊजींची गाडी निघते गावी. आईंना सोबत जायचं आहे."

मी म्हटलं, "वैशाली, मी सोडलंय आता. मंगला करेल."

मंगला चिमटा घेऊनच आली. "आजी, अकरा केस! दोन मिनिटांत काढते."

"चिमट्यानं नोको," आजी म्हणाल्या. "काट्यावानी येते मागून."

"मग दोऱ्यानं करते."

"तू नोको वं. तू लय बोलते."

मंगला फणकाऱ्यानं जेवायला गेली. खोलीत आम्ही तिघी उरलो. आजींनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि वाट पाहत बसून राहिल्या. मी हात मागेच ठेवले.

"द्या," वैशाली म्हणाली. "दहा वर्षं करून घेतलं. इतकं काय कठीण असते? मला दाखवा, मीच करते."

मी दोऱ्याची पिळी कशी घालायची ते दाखवलं. बोटं कशी उघडायची, कशी मिटायची. एक टोक दातात. ती वाकली, मी तिचं मनगट धरून दिशा दिली. "हे अकरा फक्त. बाकी काही करायचं नाही. गाल स्वच्छ आहेत, कपाळावर तर गोंदणाशिवाय एक लव नाही. आणि आजी बोलल्या की हनुवटी हलते. तेव्हा दोरा तसाच धरून थांबायचं. घाई केलीस तर कातडी कापेल."

पहिला केस तिसऱ्या प्रयत्नात निघाला. आजींनी 'स्स' केलं आणि म्हणाल्या, "जमते तुले."

मग त्या बोलायला लागल्या. गावचं अंगण मोठं आहे, पण त्यात बसायला कोणी नाही. त्यांच्या वयाच्या चौघीजणी होत्या, चौघीही गेल्या. थोरली सून चांगली आहे, वेळेवर ताट देते, ताट ठेवून शेतात जाते. वैशाली दोरा दातात धरून थांबली. गोष्ट संपली, दुसरा केस निघाला. मग आदित्य लहान असताना आजींच्या पायावर कसा झोपायचा, ते. मग तिसरा. मग सासऱ्यांचे शेवटचे दिवस. वैशालीला त्यातलं अर्धं माहीत नव्हतं, हे तिच्या कपाळावरून मला दिसत होतं.

तिचा फोन वाजला. टेबलावर 'भाऊजी' असं नाव दिसत होतं. दोन्ही हात दोऱ्यात, तोंडात दोरा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही तो उचलला नाही. वाजून वाजून थांबला.

सातव्या केसानंतर आजींनी पंख्याचं सांगितलं. मला जसं सांगितलं होतं, तसंच, त्याच आवाजात. "तेवढं तरी म्हणत होती तू."

वैशालीचे हात खाली आले.

"दोरा सोडू नोको वं," आजी म्हणाल्या. "अजून चार राहिले."

वैशालीनं हात वर केले. आठवा निघाला. नववा. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला हात नव्हता. मी पदरानं पुसलं. फोन परत वाजला आणि परत थांबला. दहावा निघाला. घड्याळात पावणेपाच झाले होते. बाहेर रस्त्यावर कोणीतरी लांब हॉर्न दिला.

अकरावा केस एका झटक्यात निघाला, अगदी स्वच्छ. मी केला असता तसा. वैशालीनं दातांतून दोरा काढला, बोटांवरून सोडवला, मोठा श्वास घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आजींनी खुर्चीत मान आणखी मागे टाकली आणि डोळे उघडे ठेवून म्हणाल्या,

"थांब वं. कपाळ राहिलं अजून!"